गानूंच्या संकष्टीचा चंद्र

“आधीच सांगून ठेवतो, यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही!”

हेमचंद्र गानूची प्रत्येक गोष्ट याच वाक्यानं सुरू व्हायची, आणि दर वेळी सगळ्यांचा विश्वास बसायचा. जिभेला हाड नसतं म्हणतात. हेमचंद्रच्या जिभेला हाड तर नव्हतंच, वर साजूक तूप लावलेलं होतं. बर्फ एवढा पडला की फावड्यानं ड्राइव्हवे मोकळा करताना आपण चुकून शेजाऱ्याची गाडीच उचलून बाजूला टाकली, असं त्यानं एका हिवाळ्यात सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावातली दोन मराठी माणसं त्या शेजाऱ्याकडे जाऊन ‘गाडीला कुठे लागलं नाही ना’ म्हणून विचारून आली. खोटं वाटत असेल तर शेजाऱ्याला विचारा. तो अजून तिथंच राहतो, आणि गाडीला पोचा अजून आहे.

तर पंच्याऐंशी सालातल्या ऑगस्टमधली ही संध्याकाळ. त्या काळी न्यू जर्सीतलं कोणी कुठे फिरून आलं, की स्लाइड दाखवायचा रिवाज होता. यजमानानं जेवायला बोलवायचं, पाहुण्यांनी एकेक पदार्थ करून आणायचा, आणि पुरणपोळी पोटात गेल्यावर माणसाला पळता येत नाही हे ओळखून मगच दिवे मालवायचे. गानूंच्या बेसमेंटमध्ये भिंतीवर पांढरी चादर ताणलेली होती. सतरंजीवर, सोफ्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर मंडळी दाटीवाटीनं बसली होती. चादरीशेजारी हातात पडद्याची दांडी घेऊन हेमचंद्र उभा होता, आणि मागे अंधारात, प्रोजेक्टरपाशी, त्याची बायको सुहासिनी. तिच्या हातात बटण. बटण दाबलं की खट्ट, पुढची स्लाइड.

तिच्या चेहऱ्याकडे कोणी पाहत नव्हतं हे बरंच होतं. घुशीच्या बिळापाशी मांजर बसते ना, शेपूट न हलवता, तशी ती बसली होती. आजची नाही, जून महिन्यापासून.

झालं होतं असं. एप्रिलमध्ये दोघं इटलीला गेली. रोमला उतरायचं, छोटीशी गाडी भाड्यानं घ्यायची आणि डोंगरमाथ्यावरची जुनी गावं बघत बघत उत्तरेला सरकायचं, असा बेत. वसंत नुसता उतू चालला होता. खाली गव्हाची हिरवी शेतं, बांधाबांधानं लाल फुलं, आणि प्रत्येक टेकडीच्या डोक्यावर तुरा खोवावा तसं एक गाव. गावाला तट, तटाला वेस, वेशीतून आत शिरलं की दगडी गल्ली. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून म्हातारी आली तर गाडीनं मागे जायचं. म्हातारी मागे जात नसे. “आपले सगळे गड असे धुऊनपुसून ठेवले असते तर!” असं हेमचंद्र दर वळणावर म्हणायचा आणि गिअर चुकवायचा. नकाशा सुहासिनीच्या मांडीवर. ओर्व्हिएतो झालं, सिएना झालं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच दोघं गाडीत बसून भांडली नव्हती. सुहासिनीला वाटायला लागलं होतं, की हा माणूस परदेशातच ठेवून द्यावा.

मग ते एक चिमुकलं गाव आलं. त्याचं नाव हेमचंद्रनं तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं घेतलं, म्हणून ते सोडून देऊ. गावच्या चौकात एक खाणावळ होती. दारावर रानडुकराचं पेंढा भरलेलं मुंडकं, आणि कोणा गमत्या माणसानं त्याच्या नाकावर चष्मा चढवलेला. हेमचंद्र त्या मुंडक्याकडे बराच वेळ बघत राहिला. आतून लाल रश्श्याचा, तमालपत्राचा वास येत होता.

आता हेमचंद्र म्हणजे कोण? मराठी मंडळाचा अध्यक्ष. गणेशोत्सवात ‘परदेशातील आपला आहार’ यावर दरवर्षी भाषण करणारा. केकमध्ये अंडं आहे का हे विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या मुलाच्या वाढदिवसाला टाळीसुद्धा न वाजवणारा. तो माणूस आत जाऊन बसला, गळ्यात फडकं खोचलं आणि बोटानं दारावरचं मुंडकं दाखवून म्हणाला, “ते.”

“अहो, ते डुक्कर आहे,” सुहासिनी म्हणाली.

“अगं, इथं कोण ओळखतंय आपल्याला?”

त्यानं एक थाळी पावानं पुसून साफ केली आणि दुसरी मागवली. सुहासिनीनं समोर बसून उकडलेला पांढरा घेवडा खाल्ला, पर्समधल्या डबीतलं मेतकूट वर भुरभुरून. मग दोघं तटावर गेली. सूर्य नुकताच बुडाला होता. हेमचंद्र तृप्त होऊन तटाच्या कट्ट्यावर बसला, नजर लावली आकाशात, आणि तिनं त्याचा फोटो काढला.

डोंगर उतरताना मात्र त्याची तृप्ती उतरली. पहिल्या वळणावर त्याला मंडळ आठवलं, दुसऱ्यावर गणेशोत्सवातलं भाषण, तिसऱ्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली.

“सुहास, पार्सिपनीत यातलं एक अक्षर बोलायचं नाही. गणपतीची शपथ घे.”

“मी कशाला सांगत्ये?”

“नाही, शपथ घे.”

तिनं घेतली. आणि इथंच त्यानं गप्प राहायचं होतं. पण चोराच्या मनात चांदणं! परत आल्यावर त्याचा मित्र उल्हास याच्या घरी पहिलीच पार्टी, आणि कोणी काही विचारायच्या आत हेमचंद्र उठून उभा. “तुमचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या हिनं इटलीत काय केलं माहितीये?”

त्याच्या गोष्टीत त्या दिवशी संकष्टी होती. दोघांचा कडकडीत उपास. तो बिचारा चंद्रोदयाची वाट बघत तटावर बसलेला. ही भुकेनं वेडीपिशी झालेली. दारावरचं मुंडकं पाहिलं आणि तिला वाटलं, वराह अवताराचं देऊळ! चपला काढल्या, हात जोडले, आत गेली, आणि समोर आलं ते प्रसाद म्हणून कपाळाला लावून खाल्लं.

लोक हसून लोळले. मे महिन्यात तो एक तुकडा होता, जूनमध्ये थाळी झाली, आणि जुलै उजाडेपर्यंत सुहासिनीनं शेपटासकट अर्धं डुक्कर फस्त केलेलं होतं. शेवटी हेमचंद्र आवाज मऊ करून म्हणायचा, “तिला दोष देऊ नका हं. भोळी आहे. मी केलंय माफ.”

डुक्कर एक वेळ पचलं असतं. ते ‘माफ’ सुहासिनीच्या घशात अडकलं.

तरीही तिनं सोडून दिलं असतं, पण गोष्ट वसुधाकाकूंच्या कानावर गेली. वसुधाकाकू म्हणजे साठी ओलांडलेल्या, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या डॉक्टर. दर संकष्टीला त्यांच्याकडे अथर्वशीर्षाची आवर्तनं आणि मग जेवण. जेवण चंद्र दिसल्यावर. काकू शाल पांघरून ड्राइव्हवेवर उभ्या राहत, समोरच्या घराच्या गॅरेजवर डोळे लावून. चंद्र दिसला नाही तर पान मांडायचं नाही. ढग असले तर त्या पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला शिकणाऱ्या पुतण्याला फोन लावत. “गिरीश, तुमच्याकडे उगवला का रे?” “काकू, मी लॅबमध्ये आहे!” “मग लॅबच्या बाहेर ये.” तो बाहेर येऊन, मान वर करून, “दिसला, दिसला, जेवा आता” म्हणेपर्यंत पार्सिपनीत कोणी घास तोंडात घालत नसे.

बायका बाहेर काकूंबरोबर उभ्या असत. पुरुष खाली टीव्हीवर बेसबॉल बघत. हेमचंद्रचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि वर बटाट्याचा कीस, आणि त्याचा चंद्र म्हणजे जिन्यावरून येणारी ‘पानं वाढली हो’ ही हाक. हे तेवढं लक्षात ठेवा.

आणि नैवेद्याचे मोदक सुहासिनीचे. उकडीचे. पातळ पारी, नाकासारखी सरळ कळी. न्यूयॉर्कची माणसं पूल ओलांडून त्यांच्यासाठी येत. एकदा म्हणे एका टोलनाक्यावरच्या गोऱ्यानं डबा उघडून बघितला आणि पूल दोन्ही बाजूंनी फुकट सोडला. या देशात तिला डिग्री नव्हती, नोकरी साधीशी होती, इंग्रजी अडखळत होतं. पण काकूंच्या देवघरासमोर मोदकांचं ताट ठेवताना सगळ्या डॉक्टरणी आणि इंजिनिअरणी बाजूला सरत. ती जागा तिची होती.

जूनच्या संकष्टीआधी काकूंचा फोन आला.

“सुहासिनी, या खेपेला मोदक कांचनकडे दिलेत.”

“का हो, काकू?”

“तसं काही नाही गं. चुकून झालं ते मला कळतं. पण नैवेद्याचं काम, उपास मोडलेला हात... वर्षभर राहू दे. गणपतीतले पण कांचनच करेल.”

“काकू, मी नाही खाल्लं.”

“हेमचंद्र सगळ्यांसमोर सांगतो, आणि तू नाही म्हणतेस. असू दे. मनाला लावून घेऊ नकोस.”

काकूंकडे आवर्तनांना येणाऱ्या या कांचनचे मोदक उकडताना तोंड उघडायचे. सारण पाण्यात, पारी काकूंच्या दाढेत. सुहासिनी मागच्या रांगेत बसून आवर्तनं म्हणत राहिली, आणि खालून पुरुषांच्या हसण्यात हेमचंद्रचा आवाज आला, “शेपूट तिनं शेवटी खाल्लं!”

त्या रात्रीपासून ती शांत झाली. ज्यांचं लग्न झालंय त्यांना ही शांतता ठाऊक आहे. हेमचंद्रला ठाऊक नव्हती. त्याला वाटलं, बायको समजूतदार झाली.

बोलायचं तर गणपतीची शपथ आड येत होती, आणि शपथ मोडली तरी त्या तुपाळ जिभेपुढे तिच्या चार शब्दांना कोण विचारणार? म्हणून तिनं ठरवलं, एक अक्षर बोलायचं नाही. पण त्याला पुरेपूर बोलू द्यायचं. त्याची जीभ ज्या दोरानं बांधायची, तो दोर त्यालाच वळायला लावायचा.

आदल्या आठवड्यात हेमचंद्र टेबलावरच्या दिव्यासमोर एकेक स्लाइड धरून निवडत होता. टपाल तिकिटापेक्षा थोडीशीच मोठी चौकट, त्यात काय दिसतंय? सुहासिनीनं चहाचा कप ठेवला आणि टाकलेल्यांच्या ढिगातून एक स्लाइड उचलली.

“ही का काढलीत? किती छान आलाय तुमचा चेहरा. आणि वर चंद्र पण आहे.”

“चंद्र?” त्यानं एक डोळा मिटून पाहिलं. “अरेच्चा, आहे की! वा! संकष्टीची गोष्ट संपली की हीच टाकायची. चंद्रदर्शन! पुरावाच!”

“तुम्ही म्हणाल तिथं लावते,” ती म्हणाली. आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं किती तरी दिवसांनी स्वतःशी गाणं गुणगुणलं.

तर आता ती संध्याकाळ. खट्ट. ओर्व्हिएतोचं चर्च. खट्ट. सिएनाचा चौक. “या चौकात,” हेमचंद्र सांगत होता, “कबुतरं इतकी, की मी दाणे टाकले तर त्यांनी मला उचललं. चांगलं हातभर!” खट्ट. लाल फुलांचा बांध. पुढच्या सोफ्यावर वसुधाकाकू ताठ बसल्या होत्या, शेजारी कांचन. खट्ट.

चादरीवर चष्मा लावलेलं रानडुक्कर आलं. बेसमेंट आधीच हसायला लागलं.

“आले! वराह अवतार आले!” उल्हास ओरडला. “वहिनी, नमस्कार करा!”

“करते ना,” सुहासिनी अंधारातून म्हणाली. लोक आणखी हसले.

हेमचंद्रला स्फुरण चढलं. त्या दिवशी त्यानं गोष्ट अशी सांगितली, की तशी ना आधी कधी झाली ना पुढे. त्यात सुहासिनीनं खाणावळीच्या दारात घंटा शोधली. मालकाला गुरुजी म्हणून दक्षिणा दिली. डुक्कर संपल्यावर तीर्थ मागितलं. मालकानं म्हणे टोपी काढून सांगितलं, की बाई, आमच्या गावच्या शिकाऱ्यांनासुद्धा एवढं जात नाही.

“आणि तुम्ही काय करत होतात, हेमचंद्र?” कांचननं विचारलं.

“मी? मी उपाशी! मला इकडे घेरी येत्येय, तिकडे रश्श्याचा वास सुटलाय. पण म्हटलं, नाही. आज संकष्टी. चंद्र दिसल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. शेवटी एकदाचं दर्शन झालं. हा बघा, पुरावाच आणलाय! सुहास, टाक.”

सुहासिनीचा अंगठा बटणावर होता. तिनं घाई केली नाही. आख्ख्या उन्हाळ्याचं सगळं हसणं तिनं त्या अंगठ्यात गोळा होऊ दिलं. मग दाबलं.

खट्ट.

चादरभर हेमचंद्र. तटाच्या कट्ट्यावर, पोटावर हात ठेवून, चेहऱ्यावर अपार शांती. मागे केशरी आकाश, घंटेचा मनोरा, आणि मनोऱ्याच्या बराच वर बारीक चंद्रकोर. दिव्यासमोर जे तिकिटाएवढं होतं ते आता भिंतीएवढं झालं होतं. आणि हेमचंद्रच्या गळ्यात एक पांढरं फडकं होतं, त्यावर चांगला पुरीएवढा लाल डाग.

“हेम्या,” उल्हास म्हणाला, “गळ्यात काय आहे रे ते?”

हेमचंद्रनं मान वळवून स्वतःकडे पाहिलं. क्षणभर, फक्त क्षणभर, तूप गोठलं.

“हे? मफलर! डोंगरावर काय थंडी असते, यार!”

“आणि तो लाल?”

“डिझाइन आहे. इटालियन फॅशन.”

“एकाच बाजूला?”

“त्यालाच फॅशन म्हणतात!”

बेसमेंट पुन्हा हसलं. निसटला. दर वेळी निसटायचा तसा निसटला. सुहासिनीला कळून चुकलं. लोकांना खरं-खोटं नकोच होतं, त्यांना हेमचंद्र हवा होता. हेमचंद्र दांडी उंचावून म्हणाला, “हं, सुहास, पुढची!”

तिनं बटण दाबलं नाही.

“अगं, पुढची!”

“अडकलीय वाटतं,” ती म्हणाली. शपथेत बटणाबद्दल काही ठरलं नव्हतं.

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत राहिला. चंद्रकोर चादरीवर तशीच. हसू हळूहळू विरलं, तसा पुढच्या सोफ्यावरून शालीचा आवाज झाला. वसुधाकाकू उठल्या. चष्मा नाकावर सरळ केला, चादरीपाशी गेल्या. हेमचंद्रच्या हातातली दांडी त्यांनी काढून घेतली आणि चंद्राच्या खाली टेकवली.

“हेमचंद्र, हा चंद्र कधीचा?”

“त्याच दिवशीचा, काकू. संकष्टीचा.”

“सूर्य नुकताच बुडालेला दिसतोय.”

“हो ना! सूर्य बुडाला, चंद्र आला. काय देखावा होता म्हणून सांगू!”

“आणि संकष्टीच होती? नक्की?”

“शपथेवर सांगतो, काकू! गणपतीच्या!”

सुहासिनीनं अंधारात डोळे मिटले. तिची शपथ शाबूत होती, आणि त्यानं आत्ता आपणहून गणपतीची खोटी शपथ घेतली होती.

काकू सगळ्यांकडे वळल्या. चादरीवरचा उजेड त्यांच्या शालीवर पडला होता, आणि लाल डाग नेमका त्यांच्या खांद्याशी आला होता.

“कांचन, आपण ड्राइव्हवेवर उभ्या असतो तेव्हा चंद्र कसा असतो गं?”

“मोठा, काकू. एका कडेला थोडी भाकरी मोडावी तसा,” कांचन म्हणाली, आणि बोलता बोलता तिचाच हात तोंडाशी गेला.

“आणि उगवतो कधी?”

“अंधार पडून किती तरी वेळानं. मुलं पेंगायला लागतात.”

“हेमचंद्र,” काकू म्हणाल्या, आणि ड्राइव्हवेवर घालवलेल्या सगळ्या उपाशी संध्याकाळी त्या आवाजात होत्या, “सूर्य बुडताना एवढ्या वर दिसणारी ही नखाएवढी कोर बीजेची, नाहीतर तिजेची. त्या दिवशी संकष्टी नव्हती. उपासच नव्हता, तर मोडला कोणी? सुहासिनी, परवाच्या संकष्टीला मोदकांची उकड तू काढ, पिठी कांचन आणून देईल. आणि हेमचंद्र, तुझ्या गळ्यात मफलर नाही रे, जेवणाचं फडकं आहे. खोटं बोललास. डुक्कर तू खाल्लंस!”